‘येते हं’ सांगून निघा: पहिल्या तीन वर्षांत बाळाचं मन कसं सांभाळायचं

घरातून निघताना आपल्यात ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. चुकून कुणी ‘जाते’ म्हणालं तर आज्जी आतल्या खोलीतून ओरडते, “येते म्हण!” मी कोल्हापूरला राजारामपुरीत घरीच पाळणाघर चालवते. एकवीस वर्षं रोज सकाळी दारात बघतेय, हा एक शब्द सगळ्यांना सांगितला जातो, फक्त बाळाला सांगायचा राहतो. आई बाळाला माझ्याकडं देते, खेळण्याकडं वळवते, त्याचं लक्ष नाही असं बघून चपला हातात घेते आणि निसटते. पाच मिनिटांनी बाळ मागं वळून बघतं. पुढचा तास माझा.

हा लेख नव्यानं आई-बाबा झालेल्यांसाठी आहे, आणि घरातल्या आज्जी-आज्ज्यांसाठीही, कारण कोल्हापुरात बाळ एकट्या आई-बापाचं कधीच नसतं. वजन, लस, दात, पाऊल यांचा हिशेब सगळे ठेवतात. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळ हसतं का, बोट दाखवतं का, नावाला वळतं का हेही लिहिलेलं असतं. पण ती पानं कुणी उघडलेली मला फारशी दिसली नाहीत. मी डॉक्टर नाही. थोडं शिकलेय, बरंचसं पोरांकडून कळलंय.

पायरी १: पहिले तीन महिने, हाक आणि ओ

नुकत्या जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं. पाजायला मांडीवर घेतलं की आईचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर येतो. आईचा आवाज तर ते पोटात असल्यापासून ऐकतंय, त्यामुळं तो पहिल्या दिवसापासून ओळखीचा.

बोलायला त्याच्याकडं एकच साधन, रडणं. ते दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त होतं, बहुधा तिन्हीसांजेला, आणि तीन-चार महिन्यांत आपोआप उतरतं. हे आधी माहीत असलेलं बरं. नाहीतर होतं असं की बारशानंतर बाळ रडायला लागलं म्हणजे दृष्टच लागली, मग मीठ-मोहऱ्या, मिरच्या, सगळं घर धुरानं भरतं आणि खोकून खोकून ते बिचारं आणखी रडतं. दृष्ट काढायची तर काढा, पण धूर बाळाच्या खोलीबाहेर.

आता ‘हाताची सवय’. “सारखं उचलू नगं, हाताची सवय लागंल, मग बस बोंबलत!” हे प्रत्येक बाळंतिणीनं ऐकलेलं असतं. माझं मत सरळ आहे: उचला. हट्ट करायचा तर ‘मी असं केलं की हे तसं करतील’ असा डाव मांडता यावा लागतो. चार महिन्यांच्या बाळाला तो येत नाही. ते एकच गोष्ट शोधत असतं, आपण हाक मारली तर कुणी ओ देतं का. रोज ओ मिळाली की त्याच्या मनात जी खात्री बसते, तिच्यावर पुढचं सगळं उभं राहतं. इंग्लंडचे मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मूल आणि त्याला सांभाळणारा माणूस यांच्यातल्या या बंधावरच आयुष्यभर काम केलं.

रडलं की क्रम ठरवून घ्या: भूक, लंगोट, ढेकर, उकाडा किंवा थंडी, मग आवाज आणि गर्दी. शेवटचं लोक विसरतात. बारशाला पन्नास माणसं येऊन गेली, प्रत्येकानं गाल ओढला, तर त्या रात्री बाळ रडणारच. अंधार करा, छातीशी धरा, एकाच लयीत थोपटा. सगळं करूनही थांबत नसेल आणि तुमचाच तोल जायला लागला, तर बाळाला पाठीवर, सपाट जागी, सुरक्षित निजवून पाच मिनिटं बाहेर जा किंवा दुसऱ्याच्या हातात द्या. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवू नका. मान कच्ची असते, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे बापांनाही नीट सांगून ठेवा. कोवळं बाळ आणि ताप, किंवा पिणं सुटलेलं असेल तर मात्र थोपटत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

झोपेत बाळ हसलं की आज्जी म्हणते, सटवाई हसवतेय. ते हसू आपल्यासाठी नसतं हे आज्जीनं बरोबर ओळखलंय. आपल्या तोंडाकडं बघून, ओळखून आलेलं पहिलं हसू साधारण सहा ते आठ आठवड्यांत येतं. तारीख लिहून ठेवा.

याच काळात आईकडंही बघा. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत उगाच डोळे भरून येणं पुष्कळ जणींना होतं आणि जातं. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, बाळाकडं बघावंसं वाटत नाही, ‘मी नसले तरी चालेल’ असं मनात येतंय, तर तो आजार आहे आणि त्याला औषधोपचार आहे. माहेरी आलेल्या लेकीला “तुला काय कमी हाय?” असं विचारू नका. डॉक्टरांकडं न्या. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा फुकट नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलतात.

पायरी २: तीन ते सात महिने, गप्पा

बाळ ‘आगूऽ’ म्हणतं. तुम्ही ‘आगूऽ, व्हय रे? मग काय झालं?’ म्हणता. आणि मग थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही. मनात पाच आकडे मोजा, ते पुन्हा काहीतरी म्हणेल. बोलणं पाळीपाळीनं असतं हे ते तुमच्याकडून असं शिकतं. त्यानं तोंड फिरवलं, जांभई दिली, पाय झाडले की गप्पा संपल्या. तेवढ्यात “बघ की हिकडं, बघ की” करत हनुवटी धरून फिरवू नका.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग दोन-तीन मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवून नुसती बघत राहते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढं करतं, ओरडतं. काही उपयोग होत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं आणि शेवटी रडतं. ही हकीकत पालकसभेत सांगितली की मी एवढंच म्हणते, पाजताना मोबाईल बघणाऱ्या आपल्या चेहऱ्याचा कुणीतरी एकदा फोटो काढा. अपराधी वाटून घेऊ नका, कारण ट्रॉनिक यांचंच दुसरं म्हणणं असं, की चांगल्या आई-बाळातही बराच वेळ सूर जुळलेले नसतातच. तुटलेला सूर पुन्हा लावणं हेच मुख्य. मोबाईल ठेवला, वर बघितलं, ‘काय म्हणत होतास?’ विचारलं, झालं.

पहिलटकरणीचं एक खास प्रकरण आपल्याकडं असतं. बाळंतपण माहेरी, आणि तीन-चार महिन्यांनी बाळ घेऊन सासरी. समजा गडहिंग्लजच्या शांत घरात वाढलेलं बाळ एकदम शिवाजी पेठेत येतं: वेगळा वास, वेगळे आवाज, रात्री तालमीच्या पोरांचे ढोल, दारात बघायला येणारी गल्ली. तिकडं माहेरी बाळाची आज्जी आणि रिकामा पाळणा. या बदलाला चार-आठ दिवस द्या. जुनी गोधडी न धुता बरोबर आणा, अंघोळीची वेळ बदलू नका, झोपवताना जे गुणगुणत होता तेच गुणगुणा. बघायला येणाऱ्यांना पुढच्या रविवारचं आमंत्रण द्या.

पायरी ३: आठव्या महिन्याचा परकेपणा

सहा महिन्यांचं बाळ कुणाकडंही जातं. आठ-नऊ महिन्यांचं तेच बाळ मामा दिसला की आईच्या खांद्यात तोंड खुपसतं. घरात चर्चा सुरू होते, “लई भित्रं झालंय, माणसांत न्या जरा.” उलटं आहे. आपलं कोण आणि परकं कोण हे आता त्याला कळायला लागलंय, म्हणजे अक्कल वाढलीय.

कोल्हापुरात या वयाच्या बाळाची सगळ्यात मोठी पंचाईत म्हणजे माया. “दे की हिकडं, आमी काय खातोय व्हय त्येला?” म्हणत काकी हात पुढं करते, आणि सून ‘नको’ कशी म्हणणार? मग रडणारं बाळ एका हातातून दुसऱ्या हातात फिरतं आणि सगळे हसतात. सुनेनं तोंडदेखलं हसत म्हणायचं वाक्य मी शिकवून ठेवते: “काकी, तुम्ही आधी माझ्याशी बोला, ते बघतंय तुमच्याकडं, येईल आपणहून.” काकीचा मानही राहतो.

हे वाक्य खरंच काम करतं. आमच्याकडच्या एका बाळाचे वडील लष्करात. इकडं शिरोळकडल्या सैनिक टाकळीसारख्या गावांत हे घराघरात असतं, बाळ चार महिन्यांचं असताना बाप जातो आणि दहाव्या महिन्यात सुट्टीवर येतो. या गृहस्थानं पिशवी खाली ठेवली आणि थेट बाळाला उचललं. बाळानं असा टाहो फोडला की हा उंचापुरा जवान स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला. त्यांना मी सांगितलं ते असं: जमिनीवर बसा, बाळापेक्षा उंच राहू नका. त्याच्याकडं टक लावून बघू नका. बायकोशी हसत गप्पा मारा, बाळाला तिचा चेहरा दिसू दे. हातात वाटी-चमचा घ्या आणि वाजवत बसा. ते येऊन चमचा घेईल. घेऊ दे, लगेच धरू नका. चमचा यायला दीड दिवस लागला. तिसऱ्या दिवशी बाळ त्यांच्या पोटावर झोपलं.

पायरी ४: निरोप, आणि पाळणाघरातले पहिले दहा दिवस

इथं मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझी स्वतःची चूक इथलीच. माझा थोरला नऊ महिन्यांचा होता तेव्हा मी एका शाळेत नोकरी करत होते. सासूबाई त्याला खिडकीतून चिमण्या दाखवायच्या आणि मी मागच्या दारानं निघायचे. रडणं ऐकावं लागत नाही म्हणून मला ते बरं वाटायचं. महिन्याभरात पोरगं असं झालं की मी न्हाणीघरात गेले तरी दारावर धडका. रात्री माझी वेणी मुठीत धरून झोपायचं. तेव्हा मला वाटलं, फार लाडावलंय. आज कळतं, त्याच्या लेखी आई कोणत्याही क्षणी, न सांगता नाहीशी होणारी वस्तू होती. अशा वस्तूवर नजर ठेवायलाच लागते.

या वयात दोन गोष्टी एकत्र येतात. नजरेआड झालेली वस्तू असते, संपत नाही, हे त्याला आता उमगायला लागतं. म्हणून ते तुम्हाला शोधतं. पण तुम्ही परत कधी येणार हे मोजायला त्याच्याकडं काळ नाही. साधारण आठव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत ही विरहाची भीती जोरात असते. नेमकं तेव्हाच आपल्याकडं बाळ पाळणाघरात येतं. २०१७ पासून कायद्यानं पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. ती संपते सहाव्या महिन्यात, थोडी बिनपगारी पुढं ढकलली की आठवा उजाडतो. (ही रजाही आस्थापनेत नोंद असलेल्यांना. धुणी-भांडी करणारी किंवा दुकानात उभी राहणारी आई दीड महिन्यात कामावर असते, तिला कुठली रजा!) जमत असेल तर ओळख सहाव्या महिन्यातच करून द्या. नसेल जमत तर पुढचे दहा दिवस हातात ठेवा.

पहिले दोन दिवस आई एक तास बाळाबरोबरच बसते, मी फक्त आसपास असते. तिसऱ्या दिवशी मी खेळवते, आई बघते. चौथ्या दिवशी आई ‘येते हं’ म्हणून बाहेरच्या कट्ट्यावर जाते आणि पाच मिनिटांत परत येते. बाळ रडलं तरी पाच मिनिटांत, नाही रडलं तरी पाच मिनिटांत. मग पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. पाळणाघरात झोप लागली म्हणजे जागा त्यानं आपली मानली. आईची जुनी ओढणी उशाशी असू दे. एखाद्या दिवशी मागं यावं लागलं तर या, बिघडत काही नाही.

निरोप लहान हवा. मुका, एक वाक्य, निघायचं. वाक्य रोज तेच: “आई कामाला जातेय, तू खीर खाऊन झोपलास की येते हं.” ‘पाच वाजता’ त्याला कळत नाही, ‘खीर खाऊन झोपलास की’ कळतं. निघालात की निघा. दारातून तीनदा मागं येऊन मुका घेतला की बाळाला वाटतं, आईलाच इथं काही धड वाटत नाही. आणि सांगितलेल्या वेळेला या. मीटिंग लांबली तर मला फोन करा, मी त्याला पुढचं काहीतरी सांगते. खोटं नाही सांगत.

रडेल का? रडेल. त्यावरून घाबरू नका. मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकात युगांडात आणि पुढं अमेरिकेत बाल्टिमोरला आई-बाळांचं बारकाईनं निरीक्षण केलं. वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत ठेवून आई तीन-तीन मिनिटं बाहेर जाते, असा त्यांचा प्रयोग. त्यात सगळ्यात महत्त्वाचं ठरलं ते आई परत आल्यावर बाळ काय करतं हे. रडत का होईना, आईकडं झेपावतं, कुशीत शांत होतं आणि पुन्हा खेळायला जातं, तर बंध घट्ट आहे. म्हणून मी आयांना सांगते, सकाळचं रडणं माझ्यावर सोडा, तुम्ही संध्याकाळचं बघा. आल्याआल्या डबा, पिशवी, हिशेब नको. आधी खाली बसा, दोन मिनिटं मिठी, मग डबा.

याची तालीम घरी करता येते. पदराआड तोंड लपवून बुवा-कुक खेळतो ना आपण, ती हीच तालीम: दिसेनासं झालेलं माणूस परत दिसतं. खोलीतून उठताना ‘पाणी घेऊन येते हं’ म्हणा, आतून आवाज देत राहा. गेल्या वर्षी आमच्याकडचं दोन वर्षांचं एक पोरगं चिमट्यांची टोपली खाली ठेवून त्या टोपलीलाच म्हणालं, “येतो हं, सू करून.”

घरी सांभाळणारी आज्जी असेल तरीही हे सगळं लागू. आणि ‘तुझी आई गेली, आता माझी झाली’ ही चेष्टा कृपा करून बंद करा. मोठ्यांना गंमत वाटते. बाळाला अजून चेष्टा कळत नाही.

पायरी ५: तुमचा चेहरा बघून ठरवतं

वर्षाचं मूल पडलं की रडण्याआधी एक क्षण तुमच्याकडं बघतं. काय झालं हे त्याला अजून माहीत नाही, ते तुमच्या चेहऱ्यावर वाचतं. १९८५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात वर्षाच्या मुलांना काचेच्या टेबलावर ठेवलं होतं. काचेखाली मध्येच खड्डा असल्यासारखं भासत होतं. पलीकडे आई. आईचा चेहरा हसरा होता तेव्हा १९ पैकी १४ मुलं रांगत पलीकडं गेली. आईनं भ्यालेला चेहरा केला तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही.

म्हणजे ‘अगं आई गं, पडलं!’ अशी किंकाळी आपण फोडायची नाही. जवळ जायचं, ‘धपकन पडलास, लागलं का?’ म्हणायचं, चोळायचं. ‘काही लागलं नाही, उठ’ हेही नको. लागलेलं त्याला माहीत असतं.

आणि ती बिचारी फरशी! ‘फरशीनं पाडलं बाळाला, हाण तिला, हाण!’ पोर पडलं की फरशीला मार, टेबलाला मार. दोन वर्षांनी तेच पोर धक्का लागला म्हणून दुसऱ्याला मारतं, तेव्हा ‘कुठं शिकलं कोण जाणे’. आपल्या गावात याला आणखी एक पदर आहे. “पैलवान हायस न्हवं? हाण की त्येला!” म्हणत कौतुकानं स्वतःच्या गालावर चापट्या मारून घेणारे आज्जे मी डझनानं पाहिलेत. पैलवानकीचा अभिमान मलाही आहे. पण पोरगं काय शिकतं? मी मारलं की सगळे हसतात. त्याच पोराला रडू आलं की ‘पोरीगत काय रडतोस’. रडायचं नाही आणि मारलं तर चालतं, एवढे दोनच धडे घेऊन मुलगा मोठा झाला तर पुढं त्याच्या घरात काय होईल, याचा विचार करा.

पायरी ६: तीट, आरसा आणि ‘माझं’

ही गंमत करून बघा. बाळाच्या कपाळावर, त्याला न कळू देता, तिटेचा ठिपका लावा आणि आरसा दाखवा. वर्षाचं बाळ आरशातल्या बाळाला हात लावेल. दीड ते दोन वर्षांचं स्वतःच्या कपाळाला हात लावेल. ब्यूला ॲमस्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ साली नाकाला लाली लावून हेच तपासलं. (तीट कपाळाला. डोळ्यांत काजळ नको, त्यात शिसं असू शकतं.)

‘हा मी’ कळलं की मागोमाग लाजणं येतं, मिरवणं येतं आणि ‘माझं’ येतं. पाहुण्यांच्या पोराला चेंडू दिला नाही म्हणून दीड वर्षाच्या मुलाला ‘हावरट’ म्हणू नका. आपलं काय हे आत्ताच कळलंय, द्यायला अजून वेळ आहे. या वयाची मुलं शेजारी-शेजारी बसून आपापलं खेळतात, तेच बरोबर. पाहुणे येण्याआधी दोन आवडती खेळणी कपाटात ठेवून द्या. बाकीची ‘आधी तू, मग तो’ अशी पाळीनं. एकसारख्या दोन बादल्या असल्या तर निम्मी भांडणं मिटतात.

पायरी ७: हट्ट

महाद्वार रोड, संध्याकाळ, खेळण्यांची दुकानं, आणि जमिनीवर लोळण घेतलेलं दोन वर्षांचं पोर. हे दृश्य ज्यानं बघितलं नाही तो कोल्हापूरचा नव्हे. दीड ते तीन वर्षांत असं होणारच. हवं खूप काही, बोलायला शब्द थोडे, आणि राग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पिकायला तर विशी-पंचविशी लागते. गंगावेशीत गाडीला कट बसला म्हणून भांडणारे पंचविशीतले गडी बघा आणि मग दोन वर्षांच्या पोराकडून संयम मागा.

आधीची काळजी निम्मं काम करते. भुकेल्या किंवा झोपेला आलेल्या पोराला बाजारात नेऊ नका. रंकाळ्यावर जायचं असेल तर घरूनच सांगा: बदकं बघायची, भेळ खायची, फुगा नाही. ‘नाही’ कमी वेळा म्हणा, पण म्हटलं की ते ‘नाही’च राहू दे. निवड द्या, दोनच गोष्टींची: लाल टोपी की निळी? जेवायचं का, असं विचारू नका. वरण-भात आधी की पोळी, असं विचारा.

लोळण घेतलीच तर: त्याला रस्त्यातून बाजूला घ्या. खाली बसा. आवाज त्याच्यापेक्षा हळू ठेवा. एक वाक्य: ‘गाडी हवी होती, मिळाली नाही, राग आलाय.’ मग गप्प. समजावणं, व्याख्यान, ‘बघ ते काका हसतायत’, काही नको. त्या वेळी ऐकायला कान नसतात. जवळ घेऊ देत असेल तर घ्या, झटकत असेल तर हातभर अंतरावर बसा. मारू नका. आणि ती गाडी घेऊन देऊ नका, नाहीतर लोळण्याचा भाव ठरला. पाच-दहा मिनिटांत ओसरतं. मग पाणी, कुशी, आणि पुढचा रस्ता. दुकानदार, मागच्या बाई, ओळखीचे वहिनी-दादा सगळे सल्ले देतील. हसून मान हलवा.

‘बागुलबुवा येईल’, ‘पोलिसाला देते’, ‘सुई टोचायला सांगते’ यांनी पोर गप्प होतं, खरं आहे. पण मग हरवलं तर पोलिसाकडं जाणार नाही आणि लसीच्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवरच बसेल.

चावण्याबद्दल वेगळं सांगते, कारण त्यावरून पाळणाघरात आया भांडतात. एक ते अडीच वर्षांत चावणं फार साधारण आहे. दात येत असतात, शब्द नसतात, गर्दी झालेली असते. ज्याला चावलं त्याच्याकडं आधी जा. चावणाऱ्याला थोडक्यात: ‘चावायचं नाही, दुखतं.’ उलट चावून दाखवू नका, ही फार जुनी आणि फार वाईट युक्ती आहे.

आणि शब्द द्या. रागावलं, रुसलं, हिरमुसलं, भ्यालं, लाजलं, कंटाळलं, वैतागलं: या सगळ्यांना मराठीत वेगवेगळे शब्द आहेत, आपण मात्र सगळ्याला ‘किरकिर’ म्हणतो. बाबा न सांगता गेले तर ते रुसणं. पावसामुळं बागेत जाता आलं नाही तर हिरमुसणं. नेमका शब्द ऐकत राहिलं तर तीन वर्षांचं पोर ‘मी रुसलोय’ असं येऊन सांगतं. तेवढ्या वेळा लोळायची गरज पडत नाही.

मोबाईलचं थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं ते असं, की दोन वर्षांखालच्या बाळांना पडद्यासमोर बसवू नये, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात जास्तीत जास्त एक तास. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणंही साधारण हेच, घरच्यांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो. मोबाईल दाखवून घास भरवायचा प्रकार पहिल्या दिवशी सोपा वाटतो, नंतर मोबाईलशिवाय तोंड उघडत नाही. सवय लागली असेल तर एका जेवणापासून सोडवा, नाश्त्यापासून. चार दिवस कमी खाईल.

पायरी ८: कधी दाखवायचं

प्रत्येक मूल आपल्या चालीनं जातं, हे खरं. पण पुढच्या गोष्टी दिसल्या तर वाट बघू नका. तीन महिने झाले तरी तोंडाकडं बघून हसत नाही. नऊ महिन्यांचं झालं तरी नावाला वळत नाही, आवाजाला आवाज देत नाही. वर्षाचं झालं तरी ‘बाबाबा’ नाही, टाटा नाही, हात पुढं करून उचल म्हणत नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दीड वर्षाचं झालं तरी ‘ते बघ’ म्हणून बोट दाखवत नाही. दोन वर्षांत ‘आई दे’, ‘बाबा गेला’ असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही. आणि कोणत्याही वयात, येत असलेलं काही गेलं: बोलत होतं, थांबलं, बघत होतं, नजर टाळायला लागलं.

यावर घरात ठरलेलं उत्तर येतं, “मुलगे उशिरानंच बोलतात, त्येचा आज्जा पण चार वर्षांनी बोलला.” असेलही. पण आज्ज्याच्या वेळी कान तपासायची सोय नव्हती, आता आहे. पहिली तपासणी कानांचीच करून घ्या. आपल्या बालरोगतज्ज्ञांना लसीच्या वेळी विचारा. खाजगी परवडत नसेल तर सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याचा बालरोग विभाग आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलं तपासतं, पुढच्या उपचारासाठी पाठवतं, त्याला पैसे लागत नाहीत. तारीख अंगणवाडी ताईंना विचारून ठेवा.

दवाखान्यात मूल नेहमीसारखं वागत नाही, एक तर रडतं नाहीतर गप्प बसतं. म्हणून आदल्या दिवशी घरी दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढून न्या: खेळताना, जेवताना, मागून नावानं हाक मारल्यावर. आणि निघताना त्यालाही सांगा, कुठं चाललोय ते.